सुरक्षित उपसा

सोमवार, ४

१. दुपारी पोहोचले. उपकरणांच्या पेटीला एक पोचा आला आहे, तोही बाहेरून. बाकी सामान शाबूत.
२. पाणीपुरवठा कार्यालयात हजर झाले. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. शहराचा तलाव तळाला गेला आहे. नळाला जे येतं ते गढूळ, आणि तेही रोज नाही. जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं आहे का आणि ते शहराला पुरेल का, हे मी सांगायचं.
३. बोअर आधीच मारून ठेवला आहे. शहराच्या उताराच्या टोकाला, एका घराच्या परसात.
४. त्याच घरात मला खोली मिळाली. खिडकीतून बोअर दिसतो. यापेक्षा सोयीचं काय असणार!
५. घरात मालकीणबाई, त्यांची लेक आणि लेकीचा चार महिन्यांचा मुलगा. मुलाला सगळे भोपळा म्हणतात. कारण विचारावं लागलं नाही.
६. माझं पहिलं स्वतंत्र काम. खूश आहे.

मंगळवार, ५

काल क्रमांक घालून लिहिलं, ती अहवालांची सवय. आता जरा माणसासारखं लिहिते.

घर बैठं आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर, मधे मायलेकींची खोली आणि मागे परसाकडची माझी. परसाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर असलेली पंपखोली, तिच्या आतच बोअर. मालकीणबाईंना काकू म्हणायचं ठरलं. त्यांनी अर्ध्या तासात माझं वय, पगार, आईवडील आणि लग्न का नाही, एवढं सगळं काढून घेतलं. यातलं फक्त वय मी खरं सांगितलं. लेक बाळाला पाजत हसत होती. म्हणाली, ताई, बोअर मारण्यात आई तुमच्याहून तरबेज आहे, कुठेही मारला तरी तिला पाणी लागतं. तिचा नवरा बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो.

खोदताना निघालेला दगडाचा चुरा पिशव्यांत भरून ठेवला आहे, तो तपासला. वरपासून खालपर्यंत एकसंध काळा कातळ. भेग नाही, ओल नाही. अशा दगडात पाणी सापडायला नको, पण बोअर काठापर्यंत भरलेला आहे. कार्यालयाने दिलेल्या पंपवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, तुमचं पुस्तक या दगडाने वाचलेलं नाही.

बुधवार, ६

पाण्याचे नमुने तपासले. जंतू नाहीत, शिसं नाही, खतांचा अंश नाही. चव किंचित खारट, पण मर्यादेत. कागदावर याहून चांगलं पाणी मी पाहिलेलं नाही.

एकच गोष्ट खटकली. तापमान सदतीस अंश. थर्मामीटर बदलला. सदतीसच. इतक्या खोलीवर पाणी याहून बरंच थंड असायला हवं. नोंद केली.

उद्यापासून उपसा चाचणी. तीन दिवस, तीन रात्री पंप एका वेगाने चालू ठेवायचा आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी किती खाली जाते ते मोजायचं. जवळची विहीर जास्त उतरते, लांबची कमी. त्यावरून जमिनीत किती पाणी आहे ते कळतं. मधे पंप थांबला तर सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पंपवाल्याला हे दोनदा बजावलं. तो म्हणाला, माझं लग्न असलं तरी बंद करणार नाही, मॅडम. त्याचं लग्न झालेलं आहे.

गुरुवार, ७

सकाळी पंप सुरू केला. पाण्याची धार मनगटाएवढी, स्वच्छ. साहेब येऊन ओंजळभर प्यायले आणि पंपवाल्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार विहिरी मोजल्या. एकही बोटभर उतरलेली नाही. बोअरची पातळीही हललेली नाही. एवढं पाणी निघतंय, म्हणजे कुठून तरी ते कमी व्हायला हवं. टेप ओढून पाहिला, टेप बरोबर आहे.

काकूंनी कांदे चिरले. म्हणाल्या, हल्लीचे कांदेही मिळमिळीत, डोळ्यांना पाणीसुद्धा येत नाही.

शुक्रवार, ८

विहिरी तशाच.

लेकीचं दूध आटलं आहे. कालपर्यंत भरपूर होतं. बाळ सकाळपासून रडतं आहे. काकूंचं म्हणणं, पंपाच्या घरघरीने तिची झोप उडाली म्हणून. वरचं दूध पाजलं, तरी रडणं थांबत नाही.

दुपारचा नमुना पांढरट निघाला. हवेचे बुडबुडे असतील म्हणून बाटली उभी करून ठेवली. बुडबुडे पाच मिनिटांत जातात. तासाभराने पाणी तसंच होतं आणि वर तुपकट साय धरली होती. बोटाने पुसली. वास घेतला.

साहेबांना फोन केला. पांढरटपणा आहे, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, गाळून घेऊ.

शनिवार, ९

आज घरात कोणाच्याही डोळ्यांत ओल नाही. बाळ रडतं, पण अश्रू येत नाहीत. काकूंच्या हाताच्या कातडीला चिमटा काढून सोडला तर घडी तशीच राहते, हळूहळू बसते. त्यांनी विचारलं, हा कसला खेळ. मी म्हटलं, तब्येत पाहते.

मग शेजारी गेले. पलीकडचा शिंपी, त्याच्या पुढची परिटीण, गल्लीच्या तोंडाशी बसणारा म्हातारा घड्याळजी. पाण्याची चौकशी करायची आणि बोलता बोलता चिमटा काढायचा. शिंपी म्हणाला, मॅडम, मी काय कापड आहे का, घडी कशी पडते बघायला.

बाळाची टाळू खोल गेली आहे. तिच्यावर पट्टी आडवी ठेवून मिलिमीटरमध्ये खोली मोजली. काकूंना वाटलं, मी लाड करते आहे. लेकीला म्हणाल्या, बघ, दगडातही माया असते.

आकडे आलेखावर मांडले. पंपापासूनचं अंतर आणि माणसाचं कोरडेपण. सगळे बिंदू एका सरळ रेषेत आले. विहिरींचेही इतके नीट येत नाहीत.

कमी कुठून होतंय ते कळलं.

काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, पोरी, आजची रात्र तरी ते यंत्र बंद ठेव, लेकरू वाळून चाललंय. मी समजावलं, आता थांबवलं तर पहिल्यापासून तीन दिवस. एकच रात्र उरली होती.

पंप चालू ठेवला.

रविवार, १०

सकाळी पंप बंद. दुपारी लेकीला पान्हा फुटला. संध्याकाळी बाळाची टाळू पुष्कळशी भरली. ते पिऊन झोपलं तेव्हा मायलेकी हसत रडत होत्या, आणि दोघींच्या गालांवर खरे अश्रू होते. काकूंनी माझी अलाबला घेतली, पंप बंद केला म्हणून.

पंप थांबल्यावर पातळी किती भरते, हेही मोजावं लागतं. मोजलं.

सोमवार, ११

साहेबांपुढे आलेख ठेवला. सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील किंवा मला घरी पाठवतील. ते बराच वेळ रेषेवरून बोट फिरवत होते. मग विचारलं, ही रेषा शून्याला कुठे मिळते. मी अंतर सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशात स्वतःचा बंगला शोधला. बराच बाहेर आहे. त्यांचा चेहरा सैल झाला.

मग त्यांनी बंद केल्यावरचे आकडे मागितले. म्हणाले, म्हणजे पुन्हा भरतात. तलाव भरायला पाऊस लागतो बाई, ही माणसं रात्रीत भरतात. उद्या मला सुरक्षित उपशाचा आकडा द्या.

सुरक्षित उपसा म्हणजे साठा कायमचा न आटवता रोज काढता येणारं पाणी. हिशोब मला येतो.

मी आकडा दिला. सर्वात लहान साठा धरून काढला, म्हणजे बाळाचा. तेवढी काळजी घेतली.

सोमवार, १८

कायमचा पंप बसला. दिवसभर चालतो, रात्री बंद. शहराच्या नळांना पाणी आलं. लोक म्हणतात, असं गोड पाणी कधी प्यायलो नाही.

साहेबांनी मला इथेच ठेवलं आहे, देखरेखीला. काकूंच्या घराला फुकट नळ दिला. काकू दिवसभर पितात, लेकीला पाजतात. जितकं आत जातं तितकंच पंपाकडे जातं. टाळू माझ्या मर्यादेत आहे.

बुधवार, २०

मागणी वाढली. साहेबांनी पंपाचा वेग वाढवला, मला न विचारता. मी आकड्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, आकडा तुमचाच आहे, खाली सही पण तुमचीच.

टाळू मर्यादेच्या खाली गेली.

काकूंना खरं सांगितलं. स्वयंपाकघरात बसवून आलेख दाखवला, पंप कुठे, आपण कुठे, शिंपी कुठे. म्हटलं, लेकीला आणि बाळाला घेऊन लांब जा. काकू म्हणाल्या, जावई बोटीवर, आम्ही जायचं कुठे, तुझ्या पेटीत बसून? मग आलेख हातात घेतला आणि नीट पाहिला. त्यांनी विचारलं, पंपाच्या सगळ्यात जवळ जो, त्याचं जास्त जातं ना. मी हो म्हटलं. आणि जवळ आणखी कोणी आलं, तर मागच्यांचं वाचतं ना.

मी हो म्हटलं. बरोबर उत्तर होतं.

शुक्रवार, २२

काकूंनी माझी गादी पंपखोलीत टाकली. म्हणाल्या, तिथे गारवा आहे, कामाच्या जवळही राहशील. मोबाइल चार्जिंगला म्हणून घेऊन गेल्या. प्रेमाने पाठीवरून हात फिरवला.

इतके दिवस मी स्वतःला मोजलं नव्हतं. आज चिमटा काढला. माझा बिंदू रेषेवरच येतो.

शनिवार, २३

दाराला बाहेरून कडी आहे.

हाका मारल्या. पंपाच्या आवाजापुढे — घसाही कोरडा. खिडकीच्या गजांतून काकूंनी पाण्याच्या बाटल्या दिल्या, एकामागून एक. म्हणाल्या, पी बाळा, पी. लेक मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भोपळा तिच्या कडेवर. गाल पुन्हा भरले आहेत. पदर ओला होता.

रविवार, २४

साहेब येऊन गेले. गजांपाशी उभे राहिले. काकूंना विचारलं, जेवते का. मला विचारलं, नोंदी चालू आहेत ना. म्हणाले, मोठ्या कामात असं होतं. वेग अजून वाढवलाय, तुम्ही जवळ असल्यामुळे परवडतो.

पंपवाला म्हणाला, मॅडम, मी तर बटण दाबून निघतो, राहतो बंगल्याच्याही पलीकडे.

चिमटा — घडी बसतच नाही.

सोमवार, २५

डोळे मिटत नाहीत. पापणी चिकटते. थुंकी नाही. बाटल्या रिकाम्या होतात, पण —

बाळ बाहेर हसतं. ऐकू येतं.

पाण्याला आज लोखंडाचा वास, म्हणे. पंपवाला सांगत होता. लालसर. साहेब म्हणाले, गाळून —

मंगळवार, २६

हे पान फाडून पंपवाल्याकडे देते आहे. तो नेईन म्हणाला.

साहेब,
१. सुरक्षित उपशाचा माझा आकडा ओलांडला आहे.
२. पंपाचा वेग निम्मा करावा. किंवा कडी काढावी.
३. दोन्ही शक्य नसेल तर माझ्या जागी दुसरं कोणी पाठवावं. धडधाकट. शक्यतो तरुण, साठा जास्त असतो. गादी इथेच आहे. काकू सांभाळून घेतात.
४. बाळाला पुन्हा जवळ आणू नये. ती पातळी आत्ताच भरली आहे, मी खिडकीतून —
५. उत्तर गुरुवारपर्यंत मिळावं. शुक्रवारचा हिशोब मी केला आहे, शुक्रवारी माझ्यातून —