वळणापासून फाटकापर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज बाजारात पोलिसांनी फाडफाड वाजणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर काढले अन् रोलरखाली चिरडले! नव्या फौजदार संगीता मॅडम लई कडक. आमच्या ह्यांची बुलेट मात्र समोरून वाजत गेली — कुणी हात लावला न्हाई. देव पावला!

मला काय हौस हाय त्या आवाजाची? पंपाच्या वळणाला बुलेट वाजली की कळतं, हे आले. फाटकात येईस्तोवर आईचा फोन बंद, मोबाइल पिठाच्या डब्यात, मी ओट्यापाशी. माझ्या बापानं निवडणुकीत सासऱ्यांच्या विरोधातल्या पॅनलचा प्रचार केला, तवापासून ह्यांनी माझं माहेर तोडलंय. एकदा बोलताना सापडले तर दोन दात गेले. डॉक्टरला सांगितलं, न्हाणीत घसरली.

५ फेब्रुवारी
दूध घालणारी दगडाबाई दारात येऊन बोंबलली. तिच्या नवऱ्याचा सायलेन्सर गंजून फुटलेला, तोबी चिरडला. "गरिबाचा तेवढा रोलरखाली, अन् तुमच्या धन्याचा कावून न्हाई? चालले मी मॅडमकडं!"

खरं होतं तिचं. म्हणून तर जास्त राग आला. म्हणलं, "शेरडामागं हिंडणारी तू, मला न्याय शिकवती? उद्यापासून दूध बंद!" रडत गेली. जाऊ दे.

६ फेब्रुवारी
सासऱ्यांच्या पाया पडले — आबा, मॅडमला फोन करा, बुलेट वाचवा. आबा हसले. "सूनबाई, एका नळकांड्यापायी दगडाबाईच्या सगळ्या वस्तीची मतं घालवू व्हय?"

९ फेब्रुवारी
चौकात ह्यांनी स्वतःच्या हातानं वाजणारा सायलेन्सर काढून दिला, कंपनीचा मुका बसवला. टाळ्या! फोटो! मॅडम म्हणाल्या, "कायदा सगळ्यांना सारखा." दगडाबाई सगळ्यात पुढं.

मॅडमचं चुकलं न्हाई. दगडाबाईचंबी न्हाई. मेले ती मीच.

१० फेब्रुवारी
आईशी बोलत होते. मागं वळले — हे दारात.

१२ फेब्रुवारी
उजवा हात उचलत न्हाई, डाव्यानं लिहिते. ह्यांनी फोन चालूच ठेवला अन् मारलं — आईला ऐकू जावं म्हणून! ती तिकडं "रोहिणी, रोहिणी" करत होती. मग हसत फोन माझ्याच हातात दिला. "घे, बोल की. मी असाच गुपचूप येत राहीन."

१६ फेब्रुवारी
लेक शाळेत गेली न्हाई. नऊ वर्षांची संस्कृती सकाळपासून फाटकाच्या कट्ट्यावर उन्हात बसलीय. म्हणाली, "आई, तू आजीशी बोल. पप्पा दिसले की मी खोकते."

मी तिला आत बोलावलं न्हाई.