चाळीस मिनिटांच्या आत

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. सकाळी ६.४०.
पिंपळी फाट्यावर दगडावर बसून लिहितोय. मनीषा माझ्या सायकलचं सीट दोन बोटं वर घेतेय. सायकल तिचीच होती. तिच्यावरून ती जिल्ह्याला खेळली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग मला वीस हजाराला दिली. महिन्याला दोन हजार, १४ तारखेला.
दहा किमी मी ४१ मिनिटांत पळतो. पोहणं विहिरीत शिकलो, जमतं. सायकलवर मात्र म्हातारी माणसं पुढं जातात. आज २० किमी: ५०.१०.
म. म्हणाली, "चिखल तुडवल्यागत पाय टाकतोस. गिअर हलका ठेव आन् पाय भराभर फिरव. मिनिटाला पंच्याऐंशी फेरं."
मोजले. ६२.
स्पर्धा ९ फेब्रुवारीला. पोहणे पाऊण किमी, सायकल २०, पळणे ५.

मंगळवार, २६ नोव्हेंबर.
कामाआधी जळोचीतच, घराजवळ एकट्यानं सराव. फेरे ७४. हलक्या गिअरवर मांड्या कमी जळतात, पण श्वास लवकर लागतो.
दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरताना तिचे फेरे मोजत होतो, पाय पण हलत होते. तात्या (मालक) म्हणाले, "संतोषराव, मोटार भरताय का मोटारीवर बसून इंदापूरला निघालाय?"

रविवार, १ डिसेंबर.
म. ची नवी युक्ती. ती स्कूटीवर पुढं, काटा ठरलेल्या वेगावर धरून. मी मागं, एका सायकलीचं अंतर सोडून. वेणी दिसेनाशी झाली तर मी मागं पडलो असं समजायचं. ४५.३०. दोन आठवड्यांत इतका फरक. कोपर वाकवून खाली वाकायला शिकलो.
पेट्रोलचे पैसे देत होतो. म्हणाली, "ठेव खिशात, हवा भरायला लागतील."

रविवार, १५ डिसेंबर.
४१.२०. फेरे ८३.
एक गोष्ट ठरवली. इथंच लिहून ठेवतो. चाळीसच्या आत आलो की अंथुर्ण्याला तिच्या घरी जायचं आणि विचारायचं. आधी तिला, मग तिच्या आईला. ती बी.एस्सी. मी दहावी, अकरावी अर्धी. काहीतरी एक पूर्ण केलेलं हातात पाहिजे.

रविवार, २९ डिसेंबर.
३९.४०.
घड्याळ तीनदा बघितलं. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, पाचट उडत होतं, तरी ३९.४०.
म. नं स्कूटी स्टँडला लावली. हेल्मेट काढून म्हणाली, "झालं की रं चाळीस. आता फुडं काय?"
मी म्हणालो, चेन ढिली वाटतेय.
ती वाकली. चेन बघितली. चेन चांगली होती.
घरी येऊन विचार केला, एका रीडिंगवर विश्वास ठेवू नये. भरलेली मोटार आपण तीनदा तपासतो, मगच गिऱ्हाइकाला देतो. आणखी दोन रविवार.

रविवार, ५ जानेवारी.
३९.५२. दोन झाले.
म. आज कमी बोलली. निघताना नुसती बघत उभी होती. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. विचारलं. म्हणाली, "गुडघा बरा हाय."

रविवार, १२ जानेवारी.
सकाळी मेसेज: पाहुणे येणार आहेत, येत नाही.
एकटाच गेलो. तिसरं रीडिंग घ्यायचंच होतं.
४४.१५.
टायरची हवा बघितली. बरोबर. चेन, ब्रेक, घड्याळ, सगळं बरोबर. झोप सात तास. पुन्हा जाण्याएवढे पाय राहिले नव्हते. परतीला वारा छातीवर होता. तो रोजचाच असणार, मला माहीत नव्हता.
स्पर्धेचे नियम काढून वाचले. पुढच्याच्या मागं राहून चालवता येत नाही. अंतर ठेवायचं, नाहीतर दंड.
म्हणजे ३९.४० माझे नव्हतेच. सहा आठवडे पुढं राहून वारा तिनं अंगावर घेतला आणि मी घड्याळ बघत होतो.
पाहुणे कसले, हे विचारायचं राहिलं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
हप्ता द्यायला अंथुर्ण्याला. तिच्या आईनं तिळगूळ दिला, बसायला लावलं. तिचा भाऊ गणेश खुशीत होता. म्हणाला, मुलगा बार्शीचा, पाटबंधारे खात्यात आहे, रविवारी पसंती झाली, लग्न एप्रिलमध्ये. मी म्हणालो, चांगलं झालं. दोनदा म्हणालो.
म. फाटकापर्यंत आली. तिनं पैसे मोजले नाहीत, मुठीत धरले.
"दोन रविवार वाट बघितली," म्हणाली. "तिसऱ्याला पाहुणे आले."
मी सांगितलं, तीनदा चाळीसच्या आत आल्यावर बोलणार होतो. आणि ते चाळीस पण खोटे निघाले, एकट्यानं ४४ लागतात.
"ठावं हाय मला. वारा मीच घेत व्हते."
"मग सांगितलं का नाही?"
"तुला आकड्याबिगर धीर न्हाय. म्हणून दिला आकडा." मग म्हणाली, "तरी तू चेन बघत बसलास."
आत आईनं हाक मारली. ती गेली.
तिळगूळ खिशात तसाच आहे.

गुरुवार, २३ जानेवारी.
नऊ दिवस सायकल नाही. पळणं पण नाही.
दुकानात पाच एचपीची मोटार चुकली. फेरे मोजता मोजता ६२ पाशी थांबलो आणि पुढचं आठवेना. सगळी तार उलगडावी लागली. तात्या रागावतील वाटलं. त्यांनी चहा मागवला, समोर बसून अर्धी तार स्वतः उलगडली. म्हणाले, "कुणाचं लगीन ठरलंय का?" मी तार सोडवत राहिलो. ते म्हणाले, "बरं. तू मोज, मी धरतो."

रविवार, २६ जानेवारी.
झेंडावंदनाला जाणारी पोरं रस्त्यानं. एकटा. ४३.५०. पुढं रिकामा रस्ता असला की नजर कुठं ठेवायची कळत नाही. पुढच्या चाकाच्या हातभर पुढं ठेवली.

रविवार, २ फेब्रुवारी.
एकटा. फेरे ८६. कोपर आत, हनुवटी खाली, वाऱ्यात शिरताना एक गिअर हलका. ती सांगायची ते सगळं. ४२.३५.
हे माझे आहेत.
परत फिरायच्या जागेवरून रस्ता सरळ अंथुर्ण्याला जातो. एक मिनिट उभा राहिलो. तेही ४२.३५ मध्ये धरलं आहे.
दुपारी तिचा मेसेज: सायकलचे उरलेले राहू दे. रविवारी नीट चालव.
उत्तर अजून लिहिलेलं नाही. चार वेळा लिहून खोडलं.

आजपर्यंतचा खर्च:
सायकल, पाच हप्ते: १०,०००
ट्यूब दोन: ७००
चेनचं ऑइल: २५०
स्पर्धेची फी: २,५००
एकूण १३,४५०

देणं:
सायकल: १०,०००. राहू देणार नाही.
स्कूटीचं पेट्रोल, सहा रविवार, दर रविवारी १०५ चं धरून: ६३०. तिनं घेतले नाहीत.
एकूण १०,६३०
पुढचा हप्ता १४ तारखेला. एप्रिलनंतरचे कुठं द्यायचे ते विचारायचं आहे.