डावा कौल

।। श्री ।।
कोंडवाडी, ता. रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. राजश्रीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मोबाईल असताना पत्र कसलं लिहिते, म्हणून हसशील. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते, आणि त्या कोपऱ्यात बाबांची खुर्ची आहे.

काल रत्नागिरीत उद्योग मेळावा झाला. शेवटच्या वर्षाचे आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले फायली छातीशी धरून गेलो. पहिल्या टेबलावरच्या साहेबाने मान वर न करता फाईल ढिगावर टाकली आणि हातात पेन दिलं. दुसऱ्याने ऐकवलं की कोड आता यंत्रच लिहितं, तुम्ही मार्केटिंगला का येत नाही. एका कारखान्याला तर गेटवर पावत्या छापायला मुलगी हवी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेनं भरपूर जमली आणि आशा संपली.

मग कोपऱ्यात पुण्याची एक छोटी कंपनी दिसली. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. तिथल्या दर्शना मॅडमनी फाईल उघडलीच नाही. लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, यात चूक कुठे आहे ते शोध. सापडली ग! एकाच नावाचे दोन पेशंट आले की एकाची औषधं दुसऱ्याला जात होती. मॅडम म्हणाल्या की शेवटचं सत्र आमच्याकडेच काम करून पूर्ण कर, जमलं तर पुढे कायम. महिनाअखेर उत्तर हवंय.

घरी येऊन बाबांना सांगितलं. देवीला कौल लावतो, ती म्हणेल तसं, एवढंच म्हणाले. मीही हो म्हटलं. देवी मला नको कशाला म्हणेल?

आत्तोबांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ करू नकोस.
तुझी लाडकी,
शमिका

चिपळूण
२५ जानेवारी

चि. शमिकास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मोठ्याने हसले, तर तुझे आत्तोबा टीव्ही सोडून बघायला आले. पुण्याला जाशील आणि आमटीत गूळ घालायला शिकशील, मग आमच्या तिखट कालवणाला नाकं मुरडशील. मुरड बाई. पण जा.

कौलाची मात्र धास्ती वाटते. मूर्तीला चिकटवलेली उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे लहान पोरालाही ठाऊक. पण तुझा ऋत्विकदादा जहाजावर निघाला तेव्हा पहिली डावीच पडली होती. तुझे बाबा म्हणाले, देवीला नीट ऐकू गेलं नसेल. उजवी पडेपर्यंत बिचाऱ्या रावजी गुरवाला जागेवरून उठू दिलं नाही. मुलीच्या वेळी देवीला पहिल्यांदाच ऐकू येतं की काय, ते बघायचं.

जपून राहा, आणि लिहीत राहा.
तुझी,
आत्या

कोंडवाडी
४ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डावी पडली.

बाबा देवळातून आले, पाय धुतले आणि आईकडे बघून म्हणाले की देवीने डावी दिली. दादाच्या वेळेसारखा पुन्हा लावा म्हटलं, तर देवाची परीक्षा बघू नये म्हणाले. बोलताना आवाज इतका मऊ होता की मला भांडताच आलं नाही.

मॅडमना नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीने कळीचं कारण कसं सांगायचं? घरची अडचण म्हटलं. माझ्या जागी वर्गातली वैष्णवी गेली. बाबांनी ओळखीने मला पतसंस्थेत चिकटवलंय. तिथे मी पासबुकं छापते आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढते.

आत्ये, देवीचा राग आला तर पाप लागतं का? संध्याकाळी दिवा लावते, पण तिचं नाव घेत नाही.

तुझीच,
शमिका

चिपळूण
१७ मार्च

चि. शमिकास,
अ. उ. आ.

होळीला आले तेव्हा मी जेवताना गप्प का होते, असं तू विचारलंस. बाबा शेजारी होते, म्हणून जीभ आवरली. आता लिहिते.

देवळात ओटी भरताना मी रावजीवर तडकले, की मुलाला वारंवार आणि माझ्या भाचीला एकदाच? तो बघतच राहिला. म्हणाला की ताई, तुमच्या भावानं, भिकाजीनं गाऱ्हाणंच उलटं घालायला लावलान. पोर गावातच ऱ्हायली तर बरं होईल काय, असं इचारलान. त्याला डावी पडली.

शमे, देवीने नको म्हटलं ते तुझ्या इथे राहण्याला. माझ्या दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, खोटं सांगितलं नाही. डावी दिली म्हणाला, आणि डावीच दिली होती. प्रश्न तेवढा गिळला. सख्खा भाऊ आहे, पण मला त्याची किळस आली.

माझ्या घराचं दार तुला उघडं आहे.
तुझी,
आत्या

चिपळूण
२८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी आत्याकडे आहे. पतसंस्थेला काम सोडल्याचं कळवलंय. परीक्षा इथून येऊन देईन, आणि पुढचा मेळावा जिथे असेल तिथे जाईन. दर्शना मॅडमना फोन केला होता. जागा भरली म्हणाल्या.

परवा पालखी अंगणात आली. तुम्ही धावत जाऊन खांदा दिलात, घामाघूम होईपर्यंत नाचवलीत. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून देवीला म्हणालात की पोरीला सुखात ठेव. तेव्हा रावजीकाकांनी आत्याला काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. ते तुमच्याकडे बघत नव्हते, हे तुमच्या लक्षात आलं का?

दादा जहाजावर गेल्यापासून घर खायला उठतं, हे मला कळतं. तुम्ही स्वतःच्या तोंडाने नको म्हणाला असतात, तर मी भांडले असते, रडले असते आणि तुमच्याकडे बघून कदाचित राहिलेही असते. तेवढं तुम्ही मला विचारायला हवं होतं. त्या सगळ्यात माझ्या बाजूने एक देवीच बोलली होती, आणि तिचंच बोलणं तुम्ही फिरवलंत. दीड महिना मी तिच्यावर रुसून होते, बाबा.

आईला सांगा, दिवा लावताना माझ्या वतीने देवीची माफी माग.

शेवटी तुमचा आशीर्वाद मागायची रीत आहे. आज तो मागवत नाही.
शमिका