चौघांत एकच पाटी

मी, खाली सही करणारी, निवृत्त गणित शिक्षिका, जिला ही सगळी गल्ली गणितबाई म्हणते, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता माझे हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांना एकोणतीसचा पाढा विचारला. त्यांनी मुकाट्याने सही केली. गुडघे कुरकुरतात, पण डोके चालते आणि जीभ त्याहून जास्त चालते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. घाई नव्हती.

मला एक मुलगा व एक मुलगी. दोघे हुशार, दोघे हट्टी. मुलगा दूरच्या शहरात राहून शाळांसाठी संगणकाचे प्रोग्राम तयार करतो. मुलगी इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. गेली कित्येक वर्षे ही भावंडे एकमेकांशी बोलत नाहीत. ते का, हे पुढे येईल. हा कागद लिहायला बसले तीही त्यापायीच.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दोघांना निम्म्या-निम्म्या. भांडीकुंडी मुलीला, कारण मुलगा स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जातो. माझे यजमान शिंपी होते. त्यांचे शिवणयंत्र मुलाला. लहानपणी त्याने ते पुरते खोलून परत जोडले होते. एक स्क्रू उरला, तरी यंत्र चालले. मी रागावणार होते, पण यजमान म्हणाले, "राहू दे गं, तो स्क्रू आपलाच जास्तीचा असेल." बँकेत जे काही आहे ते कलम ३ मधल्या शाळेच्या विजेला आणि दुरुस्तीला.

कलम २. माझे माजी मुख्याध्यापक, म्हणजे हेडसर. त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात "वर्गात शिस्त नाही, सतत गोंगाट" असे लिहिले आणि माझी बढती अडवली. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. निवृत्तीनंतर मात्र तेच गृहस्थ रोज संध्याकाळी माझ्या शाळेच्या दारात येऊन बसू लागले. मी विचारले, "काय सर, शिस्त बघायला आलात?" तर म्हणाले, "घरी फार शांत वाटतं हो." या कागदावर सर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलबाई सांगतात, म्हणून दारातली ती खुर्ची मी त्यांना आत्ताच देऊन टाकली आहे. हिशेब मिटला असे त्यांनी समजू नये.

कलम ३. खालचे दुकान, त्यातली शाळा आणि कापड बेतायचे मोठे टेबल.

यजमान गेल्यावर दुकान रिकामे पडले. शाळेत गणितात मागे पडलेली, "ढ" म्हणून शेवटच्या बाकावर ढकललेली मुले मी तिथे बोलावू लागले. मुलाने त्याची जुनी टॅबलेट पाठवली. मुले तिला पाटी म्हणू लागली. पाटी एक आणि मुले पुष्कळ, म्हणून ती टेबलाच्या मधोमध ठेवली आणि चार बाजूंना चार मुले उभी केली. बाकीची आपली पाळी येईपर्यंत जमिनीवर खडूने गणिते मांडत. मला वाटले होते, ओढाताण होईल. ती झालीच. "तुझं चूक", "माझं बरोबर", "कसं ते दाखव", असा कल्ला सुरू झाला. पण कल्ला करता करता जे अपूर्णांक मला वर्षभर घशाखाली उतरवता आले नव्हते, ते ही पोरे एकमेकांना समजावू लागली.

तिथून टेबलाचे दोन नियम झाले. पहिला, "माझंही तेच" हे उत्तर धरले जात नाही. दुसरा, भांडण झाले तर आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे सांगायचे, आणि असे सांगायचे की तो स्वतः म्हणेल, "हो, असंच." तोवर पाटीला कुणी बोट लावायचे नाही. हे नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतले नाहीत. आज दुसऱ्या शाळांचे शिक्षक ते बघायला येतात, भिंतीला पाठ लावून उभे राहतात, आणि मला दर वेळी मूठभर मांस चढते. चढू दे. मी ते कमावले आहे.

मग मुलाने प्रेमाने प्रत्येक मुलासाठी एकेक नवी पाटी पाठवली. खोकी फोडताना मीही खूश होते. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात अळीमिळी गुपचिळी. प्रत्येक जण आपापल्या काचेत मान घालून. कानाला लावायची यंत्रेही सोबत आली होती. आमच्यात एक बडबडी मुलगी होती, चिमणी म्हणायचे तिला. तिच्या पाटीवर रोज शाबासकीचे तारे पडत होते. मी एक सोपे गणित घातले आणि विचारले, "हे असं का केलंस?" तिने पाटी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "बाई, का ते पाटी विचारतच नाही."

मी एक पाटी टेबलावर ठेवली आणि बाकीच्या कपाटात घालून कुलूप लावले.

मुलगा धावत आला. म्हणाला, "आई, मी दिलेल्या वस्तूला तू कुलूप लावलंस." त्याचे डोळे भरले होते. मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "दादा, सामान पाठवलं की शाळा होत नाही. इथं उभं राहावं लागतं." तो म्हणाला, "तू उभी राहतेस, पण कोणतं पोर नेमकं कुठं अडलंय ते तुला कळतं का? माझ्या प्रोग्रामला कळतं." खोटे दोघांचेही नव्हते. पण त्या दिवसापासून दोघांनी तोंडाला कुलूप लावले आणि माझ्यामार्फत निरोप सुरू झाले. "दादाला सांग." "तिला म्हणावं." मी आई आहे, टपालखाते नाही.

आता दोघांनाही हे माहीत नसलेले सांगते. मुला, भांडणानंतर पुढच्याच सत्रात तुझा प्रोग्राम नवा होऊन आला. आता तो चौघांची उत्तरे घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि मध्येच विचारतो, "मित्राचं उत्तर सांगून झालं का?" तू मला ताकास तूर लागू दिली नाहीस. मी ते वाचले. मला तुझा इतका अभिमान वाटला की फोन उचलवेना. तो आता उचलून सांगते आहे, असे समज. आणि मुली, तुझ्या वर्गात तू भावाचा प्रोग्राम उघडून कोण कुठे अडले ते बघतेस, हे मला तुझ्या विद्यार्थ्यांनीच सांगितले. मुले पोटात काही ठेवत नाहीत. अडलेल्या पोरापाशी तू सगळ्यात आधी जाऊन बसतेस, हेही त्यांनीच सांगितले. तुझाही अभिमान तेवढाच.

माझी काळजी एकच. शाळा मुलाला दिली तर मुलगी पाय ठेवणार नाही, मुलीला दिली तर मुलगा पाठ फिरवील, आणि दोघांच्या मानापमानात वर्षभरात दुकानाला टाळे लागेल. पोरे परत शेवटच्या बाकावर जातील. म्हणून दुकान, टेबल व पाट्या मी शाळेच्या नावे करून ठेवत आहे. कारभार टेबलाच्या चार बाजूंनी चालेल: एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी, तिसऱ्या बाजूला चिमणी, जी आता शिक्षिका होऊन हा वर्ग माझ्यापेक्षा चांगला चालवते, आणि चौथ्या बाजूला त्या वर्षी मुलांनी आपल्यातून निवडलेले एक मूल. निर्णयाला चौघांचे मत हवे, कारणासकट. "माझंही तेच" धरले जाणार नाही.

कलम ४. दुकानाची किल्ली हेडसरांच्या ताब्यात आहे. माझ्यामागे त्यांनी दोन्ही मुलांना टेबलाशी समोरासमोर उभे करावे. मुलाने बहिणीचे म्हणणे सांगावे आणि मुलीने भावाचे. दोघांच्याही तोंडून "हो, असंच" ऐकू आल्यावरच किल्ली द्यावी. त्याआधी कुणी रडले, पाया पडले किंवा वकील आणला, तरी देऊ नये. हेडसर कडक आहेत, हे मी स्वतः भोगले आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि माझ्या इच्छेप्रमाणे असल्याची खात्री करून सही केली.

सही: गणितबाई
ठिकाण: कापड बेतायचे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक: नवे सत्र सुरू होण्याचा आदला दिवस

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. पाढा मी घरी जाऊन म्हणून पाहिला.

साक्षीदार दुसरा: माजी मुख्याध्यापक. किल्ली मिळाली. गोपनीय अहवालाबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही, गोंगाट होताच. मात्र किल्ली देण्याआधी बाईंनी मला टेबलाच्या समोरच्या बाजूला उभे केले आणि म्हणाल्या, "सर, मी त्या वर्गात काय करत होते ते सांगा." मी सांगितले. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा सांगितले, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला म्हणालो, "तुम्ही मुलांना 'का' ते विचारत होतात, आणि ती उत्तरं देत होती." बाई म्हणाल्या, "हो, असंच." मग किल्ली माझ्या हातात ठेवली.