अँडर्सची बोटं

बुधवार, १९ डिसेंबर २०१८

तिसरा चेंडूही माझ्या पायाशी येऊन पडला. उचलला, परत फेकला आणि ओरडलो, "लांबचा म्हणालास ना?"

"वारा आहे रे!"

वारा त्याच्याच पाठीमागून येत होता. कॅन्ससमध्ये जन्मलेला माणूस वाऱ्याबद्दल खोटं बोलतो म्हणजे हद्द झाली.

जवळ गेलो तर अँडर्स उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दातांत धरून उभा. चावून बघत होता.

"कळतंय?"

"थोडं."

"ऑक्टोबरपासून थोडंच म्हणतोयस."

"मग वाईट नाही. अजून थोडं आहे." आणि हसला. त्याचं ते हसणं! वर्तमानपत्रं त्यावर भाळतात.

ऑक्टोबरमध्ये कोपरावर मार बसला. तेव्हापासून दोन बोटं बधिर. जवळचा चेंडू अजून सुरेख जातो, लांबचा मेला. हे त्याला माहीत आहे आणि मला. डॉक्टरांना नाही. त्याच्या वडिलांनाही नाही.

माझी चीड बोटांवर नाही. चीड यावर, की तो बोलत नाही. आम्ही दोघेही याच महिन्यात पदवीधर झालो. दोघांचंही खेळायचं एकेक वर्ष उरलंय. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात तो पहिला क्वार्टरबॅक, मी दुसरा — म्हणजे चार वर्षं उभा. मैदानात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकच असतो. तो ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीला, गेला तर जागा माझी. पदवीधर म्हणून एका वर्षासाठी दुसऱ्या विद्यापीठात गेला तरी माझी. राहिला, तर मला जावं लागणार. चौदा जानेवारीपर्यंत त्याने ड्राफ्टवाल्यांना कळवायचंय. तोवर मी काय करू? आणि जो तो मलाच विचारतो — "अँडर्सचं काय ठरलं?" जसा मी त्याचा कारकून!

शनिवार, २२ डिसेंबर

विचारलं. म्हणाला, "नाताळनंतर बघू."

सोमवार, २४ डिसेंबर — सलायना

आईकडे. ती चालवते ती शाळेची बस दारात उभी, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चाकं पांढरी. नाताळातही ती बस धुवायचं सोडत नाही.

हॅम कापता कापता म्हणाली, "त्या हॉलग्रेनच्या पोराचं ठरलं का?"

"तूही?"

"मला त्याचं काय करायचंय? तुझं विचारतेय."

"त्याचं ठरल्याशिवाय माझं ठरत नाही."

"चार वर्षं कडेला उभा राहून हात हलवतोयस, रूबेन. वाहतूक पोलीस झाला असतास तर एव्हाना बढती मिळाली असती."

हसू आलं. नंतर बस पुसायला गेलो आणि इतकी घासली की आई खिडकीतून ओरडली, "रंग जाईल रे!"

शनिवार, २९ डिसेंबर — परतीची बस

काल टेक्सासात हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो. माझ्या अंगावर मातीचा एक डाग नाही.

इथे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण बाहेर कुणाला सांगता येत नाही.

कोच मेब्री वर काचेच्या खोलीत बसतात. कुठली खेळी खेळायची ते ठरवतात, आणि चेंडू कोण फेकणार तेही. खेळी माझ्या कानात येते. मी मैदानाच्या कडेला उभा राहून हातांनी ती अँडर्सला सांगतो. छातीवर मूठ म्हणजे लांब. मांडीवर थाप म्हणजे जवळ. माझ्या शेजारी आणखी एक जण खोट्या खुणा करत असतो, समोरच्यांना चकवायला. अँडर्सला माहीत असतं, खरा मी.

ऑक्टोबरपासून कोच लांबचं सांगतात आणि मी जवळचं दाखवतो. नुसतं जवळचं नाही. समोरचे कसे उभे आहेत, कोण मागे सरकलाय, कोणाचा पाय दुखतोय, सगळं बघून मला योग्य वाटेल ती खेळी दाखवतो. श्वास घ्यायला मिळतो तेवढ्या वेळात. कोचना वाटतं, अँडर्सने ऐन वेळी स्वतःच्या डोक्याने बदलली. तशी त्याला मुभा आहे.

काल सामन्यानंतर कोच पत्रकारांना म्हणाले, "या पोराला मैदान वाचता येतं. हे शिकवून येत नाही."

अँडर्स त्यांच्या शेजारी. मान खाली. लाजला! पुढच्या रांगेत मी त्याचं हेल्मेट धरून उभा.

आता बसमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलाय. एकाच घरात राहणाऱ्या जोडीदाराला असं झोपलेलं बघून एरवी दया येते. आज उशी तोंडावर दाबावीशी वाटतेय.

शुक्रवार, ४ जानेवारी

लुइझियानातल्या एका विद्यापीठाच्या कोच फोंतनोंचा फोन. आवाज असा, की पलीकडे माणूस जेवतोय असंच वाटतं. त्यांचा पहिला क्वार्टरबॅक गेला. मागे राहिलेत ते कोवळे.

"आम्हाला एका वर्षासाठी एक मोठा माणूस पाहिजे. पदवी झाली ना? मग ये."

"खेळायला मिळेल?"

"बाकासाठी कोण फोन करतो, पोरा? बाक भरायला आमच्याकडे खूप आहेत."

"कधीपर्यंत सांगू?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत. चौदाला सोमवारी वर्ग सुरू. पहिल्या तासाला बसलास की तू आमचा. त्याआधी सही केलीस तरी पळून जाता येतं. तास झाला की नाही."

विद्यापीठ लहान आहे. मैदानही आमच्या निम्मं. पण खेळायला मिळेल.

घरी आलो. अँडर्स सोफ्यावर, मांडीवर वाडगा, डाव्या हाताने दूध-कॉर्नफ्लेक्स खातोय. त्याला फोनचं सांगितलं.

"अरे वा! जा ना मग," म्हणाला. मग, "म्हणजे — जाऊ नकोस. मला माहीत नाही."

मला माहीत नाही! त्याला कधी काही माहीत असतं का?

सोमवार, ७ जानेवारी

प्रुइट नावाच्या माणसाने नाश्त्याला बोलावलं. एका व्यावसायिक संघासाठी पोरं हेरत फिरतो. बुटका, सर्दी झालेला. पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत म्हणाला, "तुझ्यासाठी आलो नाही, आधीच सांगतो. वाईट वाटून घेऊ नकोस."

"सवय आहे."

"छान. हॉलग्रेन. दारू?"

"बिअर. त्यातली अर्धी सांडतो."

"हात कसा आहे?"

"हात हातासारखा आहे."

त्याने नाक पुसलं. मग हळू आवाजात, "हे बघ. शेवटचे सगळे सामने मी दोनदा पाहिले. मेब्री वर काचेत लांब, लांब, लांब म्हणून नाचत असणार, मी त्याला ओळखतो. आणि हा पोरगा सारखा बरोबर ठिकाणी जवळचा टाकतो. दरवेळी बरोबर. मला एवढंच पाहिजे. ते डोकं कोणाचं?"

उत्तर जिभेवर होतं. माझं. माझं डोकं! चार वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं आणि विचारणारा माझ्यासाठी आलेला नव्हता. खरं सांगितलं असतं तर अँडर्सची किंमत तिथेच पडली असती. तो कुठेच गेला नसता. मी पुन्हा कडेला.

"त्याचं," म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"चांगला मित्र आहेस." आणि माझ्या खांद्यावर ग्रेव्हीचा हात ठेवला.

सदरा धुतला. डाग गेला नाही. टाकून दिला.

बुधवार, ९ जानेवारी

आज भांडलो. कपाटाचं दार बिजागरीतून निघालं, ते आता भिंतीला टेकवून ठेवलंय.

ड्राफ्टच्या सल्लागार समितीचं उत्तर आलं: दुसऱ्या फेरीत निवड होऊ शकते. दुसऱ्या! मी त्याला मिठी मारली. खरंच मारली. म्हटलं, सुटलो.

तो खाली बसला. "जात नाहीये मी."

"काय?"

"तिथे डॉक्टर असतात, रूबेन. एकेक बोट दाबून बघतात. डोळे मिटायला लावून विचारतात, कुठलं दाबलं सांग."

"मग पदवीधर म्हणून दुसरीकडे जा. जॉर्जियावाले रोज फोन करतायत ना?"

"करतायत. पण तिथेही डॉक्टर आहेतच की."

"आणि इथे नाहीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. साधेपणाने, जसं मीठ मागावं तसं म्हणाला, "इथे तू आहेस."

"अजून एक वर्ष," तो सांगत होता. "उन्हाळ्यात बरं होईल. नाही झालं तर आपलं जमतंच की. दोघं मिळून आपण चांगलं खेळतो, रूबेन."

"दोघं? मग नाव दोघांचं छापून येतं का? दुसऱ्या फेरीत दोघं जाणार? एकाच सदऱ्यात घुसून?"

"मी कधी म्हटलं की तू —"

"तू काहीच म्हणत नाहीस! तुझं सगळं मीच म्हणतो! परवा त्या प्रुइटलासुद्धा मी सांगितलं, डोकं तुझं आहे!"

तो पांढरा पडला. "असं का सांगितलंस?"

"तू जावास म्हणून!"

मग कपाट.

तो उठला, जमिनीवर पडलेले स्क्रू उचलायला लागला. उजव्या हाताने एकही धरता येईना. मी बघत राहिलो. मदत केली नाही.

"डॉक्टरकडे जा," म्हणालो. "नाहीतर खड्ड्यात जा. माझ्या हातांवर तुझं अजून एक वर्ष निघणार नाही."

गुरुवार, १० जानेवारी

सकाळी कोच मेब्रींकडे गेलो. दार उघडंच होतं. बस म्हणाले नाहीत, तरी बसलो. सगळं सांगितलं. खुणा मी बदलत होतो. ऑक्टोबरपासून. ती डोक्याची तारीफ माझी. बोटांचंही सांगितलं. हो, सांगितलं. चहाडी म्हणायची असेल तर म्हणा.

कोच काजू खात होते. खाणं थांबलं नाही.

"मग?"

"मग? तुम्हाला —"

"मी वर काचेत बसतो, पोरा. तिथून काय तुला घड्याळ बघतोय असं वाटलं? तुझे हात मला दुर्बिणीतून दिसतात. दुसऱ्याच सामन्यात कळलं."

"आणि बोटं?"

"चेंडू कसा पडतो ते दिसत नाही का मला? पंचवीस वर्षं हेच करतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"जिंकत होतो."

एवढंच. जिंकत होतो. एका माणसाचा हात जातोय, दुसऱ्याचं वर्ष जातंय, आणि हे काजू खातायत!

वर आणखी म्हणाले, "तू आलास ते बरं झालं. माझ्या मनात होतंच. तुझं डोकं कोचचं आहे. इथेच पुढचं शिक्षण घे, माझा सहायक हो. वर माझ्या शेजारी खुर्ची देतो. काचेत. हीटर आहे."

"मला खेळायचंय."

"खेळायचं सगळ्यांनाच असतं. हात बघ तुझा. बरा आहे. बऱ्या हातांचे इथे पाच जण आहेत. अँडर्स राहतोय म्हणाला ना? मग झालं. त्याला सांभाळायला तू वर. उलट सोपं जाईल."

उठलो. काहीतरी जबरदस्त बोलायला हवं होतं. जिना उतरून खाली आलो तेव्हा सुचलं. नेहमीसारखं.

शुक्रवार, ११ जानेवारी

फोंतनोंना होय कळवलं. सही केली.

शनिवार, १२ जानेवारी — ओक्लाहोमा, पेट्रोल पंप

अँडर्स अंगणात आला होता. थंडीत, चपला घालून. माझी मोठी बॅग त्याने डाव्या हाताने गाडीत टाकली. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "आता मला खुणा कोण करणार?"

चेष्टा होती की रडत होता, कळलं नाही. नाक लाल होतं; थंडीने सगळ्यांचंच होतं.

"कोच खुर्ची देतायत," म्हणालो. "काचेतली. माग त्यांच्याकडे."

आरशात बराच वेळ दिसत होता. एवढा सरळ रस्ता कशाला बांधतात?

अजून राग आहे. बरं वाटतंय राग आहे ते. नसता तर परत वळलो असतो.

रविवार, १३ जानेवारी — लुइझियाना

खोली मिळाली. पलंग आखूड आहे. फोंतनों स्वतः भात आणि सॉसेजचं भांडं घेऊन आले, उभ्याउभ्या माझ्याबरोबर जेवले. "उद्या नऊला तास. दुपारी मैदान," म्हणाले. कोणाबद्दल काही विचारलं नाही.

सोमवार, १४ जानेवारी

सकाळी कोच मेब्रींचा फोन. अँडर्स शनिवारीच डॉक्टरकडे गेला. मी निघाल्यावर तासाभरात. कोपराची नस चिरडलीये. आज शस्त्रक्रिया. पूर्ण वर्ष गेलं.

"जागा रिकामी आहे," म्हणाले. "तुझी. पहिला क्वार्टरबॅक. लेखी देतो. फक्त एक सांग, तिथे तासाला बसलास का?"

"बसलो," म्हणालो.

त्यांनी शिवी दिली आणि फोन ठेवला.

तेव्हा आठ वाजले होते. पावणेनऊला जाऊन वर्गात पहिल्या बाकावर बसलो.