तिन्हीसांजेची ताटं

कार्तिक शुद्ध दशमी, सोमवार

पुढेमागे कुणी न्याय करायला बसलाच, तर पुरावा असावा म्हणून लिहून ठेवतो: कानडी मुलखातल्या मेंढपाळांच्या या हट्टीत, म्हणजे वस्तीत, संध्यावंदन अशक्य आहे. आज आलो, खोली झाडली, पळी-पंचपात्र मांडून आचमनाला बसलो, आणि ‘केशवाय नमः’ म्हणतो न म्हणतो तोच घराघरांतून पितळी ताटं बडवायला सुरुवात. नारायण आणि माधव त्या गदारोळात कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं चिडीचूप. चौकशी केली तर इथला वडीलधारा चित्तय्या म्हणाला, रिवाज आहे.

बाकी सर्व झकास. शाळा जवळ, पाणी गोड. खोली मात्र हट्टीच्या बाभळकाटी कुंपणाबाहेर आहे. आत परक्याने राहायचं नाही. तुम्ही आत आलात तर देव बाहेर जाईल, कोण हवं ते आम्ही ठरवलंय, असं चित्तय्याने हसून सांगितलं. त्याच्या सुनेने, ईरक्काने, नाचणीचा गरम गोळा आणि सार पाठवलं. मी गोळा चावू लागलो तशी कुंपणापलीकडे बायका खो खो हसल्या. चावायचा नाही मेष्ट्रे, गिळायचा! मेष्ट्रे म्हणजे मास्तर. चोवीस वर्षं संस्कृत व्याकरण शिकवून आज गिळायला शिकलो.

खिडकीसमोर झावळ्यांची बुटकी झोपडी आहे. शेळ्यांची असावी.

कार्तिक वद्य षष्ठी

शेळ्यांची नाही. विटाळशी बसलेल्या आणि बाळंतिणींची. देव इथे घरोघरी राहतो आणि त्याचं नाक फार हळवं आहे, त्यामुळे बाळंतिणीने लेकरू घेऊन दोन महिने त्या झोपडीत काढायचे. सासूने लांबून जेवण ठेवायचं, शिवायचं नाही.

हे ईरक्काने सांगितलं. तिला आठवा सरून नववा लागला आहे. नवरा बंगळुरात ट्रक चालवतो. ताटांचं रहस्यही तिनेच फोडलं. चित्तय्याची पहिली बायको माळक्का त्या झोपडीत बाळंतपणात गेली, पोटच्या पोरासकट. ती तिन्हीसांजेला नाव घेऊन हाका मारते. ओ दिली की माणूस गेलाच. हाक कानी पडू नये म्हणून ताटं.

केव्हापासून, मी विचारलं. माळक्का गेली त्या संध्याकाळपासून. मग पोटावर हात ठेवून ईरक्का म्हणाली, ताटं वाजली ती जीव जायच्या आधी की नंतर, ते मात्र कुणी सांगत नाही, मेष्ट्रे.

सासू करियम्मा आतून ओरडली, तुझ्या जिभेला हाड नाही, बाळंतपणात तरी बसेल का ते बघू!

ईरक्का नववीपर्यंत शिकली आहे. संस्कृत विसरले सगळं, म्हणाली, एवढंच आठवतं: भो गुरो! आणि असं खणखणीत म्हणाली की माझे वर्ग लाजावेत.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात, सुखरूप. जीप दवाखान्यातून थेट झोपडीशी आली.

मी चित्तय्याकडे गेलो. म्हटलं, माझी खोलीही कुंपणाबाहेरच आहे. तिला ती द्या, मी शाळेत निजतो. दाराला कडी आहे, वर छप्पर आहे. तो म्हणाला, पक्क्या चार भिंतींत बाळंतीण बसवली तर देवाला काय तोंड दाखवू? करियम्मा म्हणाली, आम्ही नाही का काढले दोन महिने? आणि पदर डोळ्यांना लावला.

मग ईरक्कालाच जाऊन विचारलं. नको, ती म्हणाली. उद्या कुणाची मेंढी मेली तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडतील. पण मेष्ट्रे, मला काही झालं तर हाक मारीन. तुम्हाला वाटेल माळक्काच. म्हणून मी भो गुरो म्हणेन. माळक्का शाळेत गेली नव्हती.

हसली. ओठ काळेनिळे पडले होते. माझी घोंगडी देऊन आलो.

शनिवार

वारा बोचरा. बाळ दिवसभर रडतं, मग आईचं गुणगुणणं ऐकू येतं. गुणगुणणं आज कमी.

तिन्हीसांजेला ताटं नेहमीपेक्षा जोरात. मध्येच एक हाक. मेष्ट्रे. दोनदा. भो गुरो नाही. म्हणजे ती नव्हे. कसोटी तर तिनेच ठरवली होती. मी बसून राहिलो.

रविवार

कालचं जेवण तसंच पडलं आहे. मुंग्या. करियम्माला सांगितलं. म्हणाली, बाळंतिणीला भूक कमीच.

संध्याकाळी हाक आली. स्पष्ट. भो गुरो. मी दाराशी पोचलो तर बाहेर चित्तय्या. काठी आडवी धरलेली, डोळ्यांतून पाणी. म्हणाला, माळक्का अशीच हाका मारत होती, मेष्ट्रे. मी गेलो नाही. आज गेलो तर तेव्हा का गेलो नाहीस, याचं काय उत्तर देऊ?

आणि त्याने माझ्या हातात ताट दिलं.

मी— वाजवलं. तो जाईपर्यंत. मग तो गेल्यावरही.

सोमवार, तिन्हीसांज

ताटं अजून सुरू झालेली नाहीत. हाका आधीच सुरू झाल्या. दोन आवाज. एक ईरक्काचा. दुसरा जाडसर, जुना. दोन्ही म्हणताहेत भो गुरो—

भूत संस्कृत शिकलं. कुणाकडून शिकलं— शेजारी कोण निजलं आहे त्याच्या—

कंदील लावला. मी जातो. यातली एक तरी जिवंत—

आता ताटं. सगळी हट्टी.

खरं सांगतो, मला माळक्काची भीती वाटत नाही. भीती एवढीच की आज बाळ रडत नाही. काल ते रडत होतं, आणि तेव्हा मी—