मनगटावरचा निळा दोरा

ठाणे,
सोमवार, १३ फेब्रुवारी १९९५

प्रिय मालू,

तू तुझ्या वहीत माझ्याबद्दल नक्की काय लिहिलंस ते मला शब्दन् शब्द कळव. गोल गोल लिहू नकोस, मला तेवढा दम नाही. तीन आठवडे तू आमच्या बालवाडीत कोपऱ्यातल्या पेटीवर बसून होतीस. मी पोरांची नाकं पुसत होते आणि तुझं पेन चालत होतं. मी शिंकले तरी पेन चालत होतं. मी म्हटलं, भावाची लेक आहे, कोर्सचा अभ्यास आहे तिचा, लिहू दे. तू डोंबिवलीला परत गेलीस आणि बाराव्या दिवशी संस्थेच्या ऑफिसातून माझ्या नावाचं पाकीट आलं. मदतनीस सगुणा मुलांना दोरीने बांधते अशी माहिती मिळाली आहे, तरी तिने शनिवारी सकाळी कमिटीपुढे खुलासा करावा. मीराबाईंनी वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, अक्षरांवर बोट ठेवून. चौथीतून शाळा सुटली असली तरी दोरी एवढा शब्द मला वाचता येतो.

ही माहिती गेली कुठून, त्याचा मी चार दिवस विचार करतेय. मीराबाई सांगणार नाहीत, कारण वर्गाच्या बाई त्या, पहिला प्रश्न त्यांनाच विचारतील की बाई, तुम्ही तेव्हा कुठे होता. आयांपैकी कोणी म्हणावं तर त्यांची पोरं सोळा वर्षं माझ्या मांडीवर वाढलीत. गंगुबाईवर माझा थोडा संशय होता, तिने नातवाला नाक्यावरच्या इंग्लिश नर्सरीत घातल्यापासून ती माझ्याकडे बघत नाही. पण गंगुबाईला ऑफिसचा पत्ता कुठून माहीत. मग मी ऑफिसचा शिपाई पोपट, त्याला रस्त्यात अडवलं. तो आधी म्हणाला मावशी मला काय विचारता, मी टपाल नेतो, वाचत नाही. मग म्हणाला, त्या आठवड्यात बालवाडीचं एकच जाड पाकीट आलेलं, त्यावर डोंबिवलीचा शिक्का होता. डोंबिवलीत माझं दुसरं कोण आहे गो?

आणि तू जाताना चहा न पिता गेलीस. तेही मी विसरले नाही. कप भरून ठेवला होता, त्यावर साय धरली.

कमिटीतल्या लोकांना दोऱ्यातलं काय कळणार. त्यांनी कधी जाळं विणलं नाही की सकाळी उपाशी पोर पाहिलं नाही. पण तुला माहीत आहे. आपल्या कोळीवाड्यातल्या बाया उजाडायच्या आधी मासळी घ्यायला जातात, पोरं आजीच्या नाहीतर देवाच्या भरवशावर. नऊ वाजता ती बालवाडीत येतात तेव्हा कोणी खाऊन आलेलं असतं, कोणी तोंड धुऊनसुद्धा आलेलं नसतं. विचारलं तर सगळीच हो म्हणतात, चार वर्षांच्या पोरालाही लाज असते. मग मी दारातच पोटाला हात लावून बघते. रिकामं लागलं की जाळ्याच्या निळ्या नायलॉनचा वीतभर तुकडा मनगटाला, सैल. उसळ वाढताना दोरा दिसला की दोन पळ्या. घरी जाताना दोरा सोडायचा. कोणाला काही बोलायला नको, पोराला वाटतं खेळ आहे. एवढंच ते बांधणं.

तुझ्या मनगटाला तो दोरा कितीदा होता ते तू वहीत लिहिलंस का? सन एकोणऐंशी, बालवाडीचं पहिलं वर्ष. तेव्हा समाजमंदिराला पत्रेसुद्धा पुरते नव्हते. मंजुळावहिनी टोपली घेऊन वर्तकनगरपर्यंत चालत जायची, तुला दारात सोडून. पहिला दोरा मी तुलाच बांधलेला, कारण तू उसळ दुसऱ्याच्या ताटलीत ढकलायचीस आणि घरी जाऊन चक्कर येऊन पडायचीस. एकदा तू दोरा सोडूच देईना. रडून गोंधळ घातलास, तसाच घालून झोपलीस. तुझी आई मला म्हणाली, नणंदबाई, माझ्या पोरीला काय गंडा बांधलात. तुझ्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर येतं ते बघून ठेव.

पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तू आलीस तेव्हा पाण्याच्या डबड्यांचा खेळ मांडलास, लहान डबा, मोठा डबा, किती ओतलं की भरतो. पोरं तासभर हलली नाहीत. मी सोळा वर्षं त्या पोरांना पाण्यापासून लांब ठेवत आले, कारण कपडे ओले झाले की आया मला बोलतात. तेव्हा मला वाटलं, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं. तुला बोलले नाही. तू लिहीत होतीस.

इकडे नर्सरीवाले तीन वर्षांच्या पोरांना बाकावर बसवून एबीसीडी गिरवायला लावतात. टाय लावतात. आया आता मला विचारतात, तुमच्यात काय शिकवतात? मी म्हणते खेळवतो, गाणी म्हणतो. तर एकजण म्हणाली, खेळायला घरी जागा कमी आहे काय. घर तिचं दहा बाय दहा. गेल्या जूनपासून नऊ पोरं गेली. संस्थेच्या बाई येतात, भिंतीवरचे तक्ते मोजतात, रजिस्टर बघतात, दर्जा सुधारा म्हणतात आणि रिक्षा थांबवून ठेवलेली असते तिच्यात बसून जातात. सोळा वर्षांत एकीनेही विचारलं नाही की इथे पोरं किती आणि माणसं किती. दर्जा म्हणजे तक्ते असतील तर माझ्या दोऱ्याला दोरीच म्हणणार ते.

म्हणून मला आधी वाटलं, दोऱ्याचा खुलासा द्यायचा आणि यायचं. दोन मिनिटांचं काम. पण रोज कागद वाचतेय आणि रोज तो शब्द मला टोचतोय. दोरीने बांधते. तू दोरा लिहिला असतास तर दोरा आलं असतं. तू कोळीवाड्यात वाढलेली, तुला दोरा आणि दोरीतला फरक कळत नाही असं होणार नाही. म्हणजे तू त्या मंगळवारचं लिहिलंयस.

तो मंगळवार तूच सगळा पाहिलास, तरी मी सांगते, कारण मी तो कोणालाच सांगितलेला नाही. मीराबाईंना मिटिंगला बोलावलेलं. अडतीस पोरं आणि मी एकटी. तुला तुझ्या कॉलेजच्या बाईंनी बजावलेलं की फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही. गोदूबाईची नात सखू, सव्वादोन वर्षांची, रजिस्टरात नावही नाही. तिची बहीण येते म्हणून तिलाही सोडून जातात, आणि मी नाही म्हणत नाही, म्हणायला पाहिजे. दाराची कडी मोडलेली, सप्टेंबरपासून अर्ज दिलेला. ती एकदा पळाली, मी पायरीवरून उचलून आणली. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा रस्त्याच्या कडेला होती, आणि तिथे आता माजिवड्याकडे जाणारे ट्रक घुसतात. मी तिला आणलं आणि जाळ्याची दोरी, दोरा नव्हे, तिच्या कमरेला घातली आणि कपाटाच्या मुठीला बांधली. पहिल्यांदा ती ओरडली. मग गप्प झाली. बसून राहिली. मी उसळ वाढली, हात धुतले, गाणं म्हणून घेतलं, आणि मग सोडली. अर्धा तास असेल. तू घड्याळ बघून लिहिलं असशील.

ओरडत होती तोपर्यंत मला काही वाटलं नाही. गप्प झाली ते मला लागलं. तेव्हापासून ती मला बघून पळत नाही, जवळही येत नाही. मी दारात उभी राहिले की भिंतीला लागून जाते. गोदूबाई म्हणते, पोरगी शहाणी झाली. मी मान डोलावते.

आता खरं का लिहितेय ते सांगते. ऑफिसच्या त्या पाकिटात एक नव्हे, दोन कागद होते. दुसरा मी मीराबाईंना दाखवला नाही, पदरात घेतला. कल्याणला बालवाडी मदतनिसांचा सहा महिन्यांचा वर्ग निघतोय, चौथी पास चालेल, त्याचा फॉर्म. वर माझं नाव, वय, सोळा वर्षांचं काम, सगळं भरलेलं. अक्षर तुझं, मला कळत नाही होय? शिफारस करणारी म्हणून खाली नाव तुझं. आणि उमेदवाराचं काम जवळून पाहिलं आहे, त्याबद्दल चार ओळी लिहा, तिथे कोरं. ऑफिसने तांबड्या शाईत अपुरा म्हणून परत पाठवलाय, शनिवारी पुरा करून आणा म्हणून. मी विचार करकरून डोकं फोडून घेतलं, की माझी चुगली आणि माझी शिफारस एकाच पोरीने एकाच पाकिटातून कशी पाठवली, आणि चार ओळींपाशी हात का थांबला तिचा. चुगलीची तुला लाज वाटली म्हणून पाठवतेयस की मला तो वर्ग जमेल म्हणून, ते तुलाच ठाऊक. पण मला त्या वर्गाला जायचं आहे, मालू. शेहेचाळिसाव्या वर्षी. ते पोर गप्प झालं तेव्हा मी दुसरं काय करायला हवं होतं, ते मला शिकवणारं कोणीतरी पाहिजे. शनिवारी कमिटीला मी सखूचं माझ्या तोंडाने सांगणार आहे, तू लिहिलं असशील किंवा नसशील. हे पत्र वहिनीच्या पिशवीतून येतंय, बुधवारी ती तुझ्याकडे राहील. तिला वाचता येत नाही म्हणूनच तिच्या हाती दिलंय. सोबत फॉर्म आहे. त्या चार ओळी भर. दोरा लिही, दोरीही लिही, आणि अडतीस हा आकडा लिही. एकही गाळायचा नाही. तुझ्याने होत नसेल तर तसाच कोरा परत पाठव, मी काय ते समजेन. वहिनी गुरुवारी दुपारी परत येईल. तिच्या पिशवीत मला उत्तर पाहिजे.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
सगुणाआत्या